वजा पाच

रोज सकाळी दिवा लावला की मी देवासमोर तीन गोष्टी म्हणते. जप पुरा झाल्याशिवाय पाणी पिणार नाही. सूर्य मावळल्यावर अन्न घेणार नाही. आणि एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानावर घालणार नाही. पहिल्या दोन आईकडून आल्या, तिसरी माझी मी लावून घेतली. पहिल्या दोन सोप्या आहेत, पोट सांगितलेलं ऐकतं. जिभेचं तसं नसतं.

तिसरं व्रत घ्यायला कारण घडलं होतं. माझे सासरे होड्या बांधायचे. ते गेल्यावर त्यांची हत्यारं दोन मुलांत वाटायची होती. थोरला मुलगा म्हणजे माझा नवरा. सुतारकाम करतात. सगळं जग त्यांना मिस्त्री म्हणतं, म्हणून इथे मीही तेच म्हणते. धाकटे माझे दीर, भाऊजी. ते पाण्याचे पंप आणि इंजिनं दुरुस्त करतात. वाटणीच्या आदल्या दिवशी भाऊजी स्वयंपाकघरात माझ्यापाशी बसून गमतीने म्हणाले, "बघा वहिनी, हत्यारं दादा नेईल आणि भुसा मला ठेवेल." मला हसू आलं. तेच हसू जेवताना मी मिस्त्रींपुढे वाढलं. मिस्त्री हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांच्या मापं घ्यायच्या छत्तीस इंची लाकडी गजाला दोघांनी एकदमच हात घातला. एक टोक याच्या हातात, दुसरं त्याच्या. "भुसा हवाय ना तुला? घे!" "दादा, सोड!" कुणीच सोडला नाही. साठ वर्षं वाळलेलं लाकूड ते, काडकन मोडलं.

बरोबर पाचाच्या आकड्याशी मोडलं. पितळी टोपी असलेला पाच इंचांचा तुकडा भाऊजींच्या मुठीत राहिला, उरलेला एकतीस इंच मिस्त्रींच्या. भाऊजी आपला तुकडा खिशात घालून दोन तासांवरच्या शहरात निघून गेले. दोघा भावांचं बोलणं बंद झालं ते चार वर्षं.

मी कानाला खडा लावला. ते तिसरं व्रत.

मिस्त्रींनी मात्र गज बदलला नाही. भिंतीवरच्या खिळ्याला चांगली पोलादी टेप लटकत असायची, पण ते म्हणायचे, "टेपेला झोळ पडतो." मोडकं टोक ते वस्तूच्या एका कडेला लावायचे, दुसऱ्या कडेचा आकडा वाचायचे आणि त्यातून पाच वजा करायचे. वजा करताना त्यांचे ओठ हलत. दार असो, पाट असो, पलंग असो, आधी पाच वजा. त्या गजाबद्दल घरात अवाक्षर काढायचं नाही हे न सांगता सगळ्यांना कळलं होतं. सगळे म्हणजे मी.

यंदा त्यांचा उजवा खांदा गेला. आमचं घर पाण्याच्या या काठाला आणि त्यांचं कारखान्याचं शेड त्या काठाला. सासऱ्यांनी बांधलेल्या होडीतून रोज अर्धा तास वल्हवत जायचं, अर्धा तास वल्हवत यायचं. डॉक्टरांनी हात धरून वर केला तर यांच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टर म्हणाले, "वल्हं विसरा आता." रस्त्याने वळसा घालून जायचं तर अर्धा दिवस वाटेतच जातो. तीन आठवडे शेडला कुलूप राहिलं. मिस्त्री धक्क्यावर जाऊन बसायचे आणि पलीकडच्या बंद दाराकडे बघत राहायचे. केस विंचरायला हात वर जात नव्हता, भांग मी पाडून द्यायची.

मी भाऊजींना फोन केला. फोन करण्याआधी देवाला विचारलं, की हे व्रतात बसतं का? खांदा गेला हे काही कुणाचं बोलणं नाही, बातमी आहे. देव काही म्हणाला नाही. मी ते होकारात धरलं. असे होकार मी बरेच धरते.

भाऊजी सगळं ऐकून म्हणाले, "होडीला मागून मोटर लावू. माझ्या ओळखीच्या दुकानात चांगल्या जुन्या मोटरी येतात. वहिनी, दादाला विचारा, फळीची..." आणि मध्येच थांबले. "नको. तुम्ही नका विचारू. फोन त्याच्याकडे द्या."

मी मिस्त्रींच्या कानाला फोन लावला. त्यांनी तो घेतला आणि आवाज मोठा करून पाटावर ठेवला, कानाशी धरणं म्हणजे फार जवळीक झाली असती.

"हॅलो."

"हं."

"मी बोलतोय."

"ऐकू येतंय."

"खांदा कसा आहे?"

"आहे जागेवर."

असं पाच मिनिटं चाललं. चार वर्षांनंतरचं पहिलं बोलणं, आणि हवापाण्याच्या पुढे सरकेना. शेवटी भाऊजी कामाचं बोलले. कामाचं बोलायला दोघांनाही येतं.

"मोटर होडीच्या मागच्या उभ्या फळीवर अडकवतात. तिचा पाय खाली पाण्यात जातो आणि पायाला पंखा. पायाच्या दोन लांब्या येतात, पंधरा इंच आणि वीस इंच. फळी जेवढी उंच तेवढा पाय हवा. आखूड झाला तर पंखा वर राहतो, लांब झाला तर खाली घासतो. फळीची उंची किती आहे?"

"थांब."

मिस्त्री गज घेऊन धक्क्यावर गेले. मी खिडकीतून बघत होते. होडी काठावर ओढून ठेवली होती. फळीच्या मधोमध, तळापासून वरच्या कडेपर्यंत त्यांनी गज लावला. ओठ हलले. आत येऊन फोनकडे बघत म्हणाले, "वीस."

पलीकडे शांतता. "वीस?"

"वीस म्हणालो ना."

"बरं बरं. वीस."

त्या शांततेत काय झालं ते मला पुढे कळलं. भाऊजींना ठाऊक होतं की दादा मोडक्याच गजाने मोजणार. मोडका गज पाच इंच जास्त दाखवतो. दादाने वीस वाचलं, म्हणजे खरे पंधरा. विचारायचं होतं, 'दादा, पाच वजा केलेस का?' पण ते विचारणं म्हणजे त्या मोडलेल्या गजाचं नाव काढणं. चार वर्षांनी फोनवर आलेल्या भावापुढे ते नाव कसं काढणार? इकडे मिस्त्रींनाही सांगता आलं असतं, 'वजा करून सांगतोय.' पण तेही तेच नाव. तेव्हा दोघांनीही समजूतदारपणा दाखवला. एकाने इथे पाच वजा केले, दुसऱ्याने तिथे.

फळी वीसची. मोटर आली पंधराची.

रविवारी भाऊजी आले. मी दोन्ही वेळचा स्वयंपाक सकाळीच करून ठेवला होता. मनात धास्ती होती की भांडण झालंच तर जेवणावरून तरी उठू नयेत. भांडण झालं नाही. भाऊजींनी वाकून नमस्कार केला, मिस्त्रींनी डावा हात त्यांच्या पाठीवर ठेवला. उजवा उचलत नव्हता हे एका परीने बरंच, नाहीतर कोणता ठेवू यात वेळ गेला असता.

मोटर लाल रंगाची, घासूनपुसून चकचकीत केलेली. होडी पाण्यात सोडली होती, त्यामुळे फळीची खालची कड कुणाला दिसत नव्हती. भाऊजींनी मोटर अडकवली, दोन पेच आवळले आणि दोरी ओढली. मोटर सुरू झाली. आणि किंचाळायला लागली. मागे पांढरा फेस उसळला, पंखा अर्धा पाण्यात, अर्धा हवेत फिरत होता. होडी जागच्या जागी शेपटी हलवल्यासारखी हलली आणि हातभर पुढे सरकली. मोटरच्या कुशीतून पाण्याची बारीक धार पडायला हवी, त्यावरच ती थंड राहते. ती धार दोन पिचकाऱ्या मारून बंद झाली. भाऊजींनी घाईने मोटर बंद केली.

पंप दुरुस्त करण्यात हयात गेलेला माणूस. त्यांना एका क्षणात कळलं. होडी आणि फळी यांत हयात गेलेला दुसरा माणूस शेजारीच बसला होता, त्यालाही कळलं. दोघं एकमेकांकडे न बघता पाण्याकडे बघत राहिले.

"आज ओढ जास्त आहे पाण्याला," मिस्त्री म्हणाले. पाणी ताटातल्यासारखं स्थिर होतं.

"हो ना. आणि पंखाही जरा झिजलाय. मी घेऊन जातो, सर्व्हिस करून आणतो."

"सावकाश आण. घाई काय आहे?"

"पुढच्या रविवारी आणतो."

इतकं गोड बोलणं त्या दोघांत लहानपणीही झालं नसेल.

जेवणाआधी भाऊजी पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात आले. पेला हातात तसाच धरून हळूच म्हणाले, "वहिनी, घोटाळा माझा आहे. दादाने वजा करून सांगितलं होतं, मी पुन्हा वजा केलं. मोटर आखूड पायाची आलीय."

"मग सांगा ना त्यांना."

"कसं सांगू? सांगायचं तर ते पाच इंच काढावे लागतील. ते काढले की मागचं सगळंच निघेल. दुकानदाराकडे अशीच दुसरी आहे, हाच रंग, हीच कंपनी, पाय तेवढा वीसचा. तो बदलून देईल. त्याच्याकडे सहा बंद इंजिनं पडलीत, ती मी आठवडाभरात चालू करून देतो, म्हणजे फिटंफाट. दादाला वाटेल, सर्व्हिस झाली. तुम्ही तेवढं त्याला बोलू नका."

"मी नाही बोलणार," मी म्हटलं. हे मी कुणालाही अगदी सहज सांगू शकते, माझं व्रतच ते.

भाऊजी मोटर गोणपाटात गुंडाळून गेले. संध्याकाळी मी लवकर जेवून घेतलं आणि वातीला कापूस वळत बसले. मिस्त्री शेजारी येऊन बसले.

"मोटर आखूड आहे," ते म्हणाले.

माझ्या हातातली वात तुटली.

"पंधराचा पाय आहे. मी त्याला वीस सांगितलं, त्याने आपल्या गजाचं समजून पाच काढले असणार. त्याची काय चूक? सांगायला मला काय झालं होतं, की वजा केलेत म्हणून? जीभ झडली होती माझी?"

"मग फोन करा आणि सांगा."

"काय सांगू? चार वर्षांनी पोरगा दारात आला, एवढ्या हौसेने मोटर आणली, पुसून पुसून चकाकवलीय. त्याला म्हणू, तू आणलेली वस्तू कामाची नाही?" ते गुडघ्यावर हात फिरवत राहिले. "मोटर नाही बदलायची. फळी बदलायची. वरून पाच इंच कापतो. वीसची पंधरा होईल. तो सर्व्हिस करून आणेल तेव्हा ती मापात बसेल, त्याला कळणारही नाही. तू त्याला काही बोलू नकोस."

मी मान डोलावली. मान डोलावणं व्रतात बसतं.

आता माझी अवस्था सांगते. माझ्या एका कानात भाऊजींची मोटर, दुसऱ्या कानात मिस्त्रींची फळी. एक वीसची होणार, दुसरी पंधराची. मध्ये मी. दोन वाक्यांचं काम होतं. पण तीच दोन वाक्यं न बोलण्याची शपथ मी रोज सकाळी दिव्यासमोर घेत होते. आणि शपथ घ्यायला कारण झालं होतं ते असंच एक निरुपद्रवी वाक्य. तेव्हाही मला वाटलं होतं, त्यात काय, सांगितलं तर!

मी वाट शोधायचा प्रयत्न केला नाही असं नाही. सोमवारी मिस्त्रींना म्हटलं, "कापण्याआधी भाऊजींशी एकदा बोलून घ्या."

"का? तो काही म्हणाला का?"

हो म्हटलं तर व्रत मोडतं, नाही म्हटलं तर खोटं होतं. खोटं न बोलण्याचं व्रत मी घेतलेलं नाही, ते तसंच अंगवळणी आहे.

"लाकूड पुन्हा जोडता येत नाही हो," एवढंच म्हटलं.

"सुताराला सांगतेस?" ते म्हणाले.

मंगळवारी भाऊजींना फोन केला. "मोटर आणण्याआधी यांना एकदा फोन करा."

"का वहिनी? दादाला कळलं का?"

पुन्हा तेच. मी म्हटलं, "तब्येतीची चौकशी म्हणून." त्यांनी केला. दोघं दहा मिनिटं खांद्याबद्दल बोलले. खांद्यात तेवढा मजकूर असतो हे मला माहीत नव्हतं.

बुधवारी मिस्त्रींनी करवत काढली. होडी काठावर ओढायला शेजारच्या कोळ्याने हात दिला. मी फळीची एक बाजू धरून बसले, कारण उजवा हात चालत नसल्याने ते डाव्या हाताने कापणार होते. फळीची वरची कड मधल्या जागी खोलगट झाली होती. सासरे एक हात तिथे टेकून होडी हाकायचे. पन्नास वर्षांच्या तळव्याने ते लाकूड साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत केलं होतं. मिस्त्रींनी पेन्सिलीने खूण केली. ती जागा खुणेच्या वर होती.

त्यांनी आपला हात त्या खळग्यात ठेवला. बराच वेळ ठेवला.

ज्या माणसाने बापाचा गज धाकट्याला दिला नाही, तो आता धाकट्याचं मन मोडू नये म्हणून बापाच्या हाताची जागा कापायला बसला होता. माझ्या ओठांवर शब्द आले होते. थांबा, मोटर बदलतेय. तीन शब्द. मी डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं. करवत लाकडात शिरल्याचा आवाज आला. तेव्हा गप्प राहिले ते व्रतामुळे की भीतीमुळे, हे मी आजही छातीला हात लावून सांगू शकत नाही. एवढंच खरं की त्या वेळी 'व्रत' हा शब्द फार सोयीचा वाटला.

डाव्या हाताने कापायला त्यांना तीन दिवस लागले. कापून झाल्यावर कडेला रंधा मारला. मागची बाजू बुटकी झाली म्हणजे लाट आत येणार, म्हणून फळीच्या आतल्या अंगाला एक आडवी फळी घालून हौदासारखा कप्पा केला, आलेलं पाणी तिथेच अडेल आणि भोकातून बाहेर जाईल असा. काम इतकं सुरेख झालं की मला रडू आलं. कापलेला तुकडा त्यांनी फेकला नाही. कापडात गुंडाळून पलंगाखाली ठेवला.

रविवार आला. भाऊजी गोणपाटात गुंडाळलेली मोटर खांद्यावर घेऊन धक्क्यावर उतरले. होडीच्या मागच्या बाजूवर मिस्त्रींनी ताडपत्री टाकली होती. मी माळ घेऊन पायरीवर बसले. जप चालू होता, म्हणजे माळ चालू होती.

"सर्व्हिस मस्त झालीय," भाऊजी म्हणाले, आणि पाठ करून गोणपाट सोडायला लागले.

"मीही जरा डागडुजी केलीय," मिस्त्री म्हणाले, आणि पाठ करून ताडपत्री ओढायला लागले.

दोघं एकदमच वळले.

भाऊजींनी फळीकडे पाहिलं. मिस्त्रींनी मोटरच्या पायाकडे पाहिलं. दोघांच्याही मनात आलं असावं की आपलाच काही डोळ्यांचा भ्रम आहे, समोरचा कशाला असं करेल? तेव्हा पेच आवळले गेले, दोरी ओढली गेली, मोटर सुरू झाली. या वेळी किंचाळली नाही. घुमली, दबक्या आवाजात. धक्क्यापाशी पाणी उथळ आहे, पंखा सरळ तळाच्या चिखलात घुसला. मागे पाण्याचा रंग चहासारखा झाला. होडी एका जागी रुतून थरथरत उभी राहिली आणि मोटर दमून बंद पडली.

"फळी कापलीस?" भाऊजी हलक्या आवाजात म्हणाले.

"मोटर बदललीस?"

"तुला कुणी सांगितली कापायला?"

"तुला कुणी सांगितली बदलायला? चांगली होती ती!"

"अरे, आखूड होती ती, दादा! पाच इंच आखूड! मी दोनदा वजा केलं!"

"दोनदा नाही, तू एकदाच केलंस. पहिल्यांदा मी केलं!"

निघाले. चार वर्षं झाकून ठेवलेले पाच इंच धक्क्यावर उघडे पडले. माझी माळ थांबली. आता काय काय निघणार आहे याची मी तयारी करून बसले, भुसा, हत्यारं, वडील, सगळं.

तेवढ्यात भाऊजी म्हणाले, "पण मी तर वहिनींना सांगितलं होतं. मोटर बदलतोय म्हणून."

"कधी?"

"गेल्या रविवारी. स्वयंपाकघरात."

"मीही सांगितलं होतं तिला. फळी कापतोय म्हणून. त्याच दिवशी."

दोघांची डोकी सावकाश माझ्याकडे वळली. एकाच वेगाने, एकाच कोनात. सासरे असेच बघायचे.

"अगं, तुला दोन्ही माहीत होतं?"

"हो."

"आणि तू फळी धरून बसली होतीस? मी कापत असताना?"

"हो."

"बोलली का नाहीस?"

"एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही असं व्रत आहे माझं," मी म्हटलं. माझा आवाज मुळातच बारीक, त्या वेळी मलाच नीट ऐकू आला नाही.

"व्रत!" मिस्त्री म्हणाले. "ऐकलंस का रे? व्रत!"

"दादा, आठ दिवस मी सहा इंजिनांखाली झोपून काढले. नखातलं काळं अजून निघालं नाही."

"आणि मी डाव्या हाताने तीन दिवस! ही शेजारी बसून डोळे मिटून नामस्मरण करत होती. मला वाटलं, माझ्या खांद्यासाठी चाललंय!"

"मला फोन करून सांगतात काय, तर दादाच्या तब्येतीची चौकशी करा!"

"अरे, मला म्हणाली, लाकूड पुन्हा जोडता येत नाही!"

"म्हणजे माहीत होतं! पूर्ण माहीत होतं!"

"पूर्ण!"

त्यांनी मला पुष्कळ बोल लावले. एक थांबला की दुसरा सुरू करत होता, एकाला शब्द सुचला नाही तर दुसरा पुरवत होता. मी खाली मान घालून ऐकत होते. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते दोघांना पश्चात्तापाचं वाटलं असावं, कारण आवाज जरा उतरले. पश्चात्ताप होताही. पण चार वर्षं रोज सकाळी मी देवाकडे एकच मागत होते, या दोघांचं एका तरी गोष्टीवर एकमत होऊ दे. ती गोष्ट कोणती असावी हे मी सांगितलं नव्हतं. चूक माझीच.

बोलून बोलून दमल्यावर दोघं होडीच्या कडेला शेजारी शेजारी बसले. मिस्त्री म्हणाले, "तुकडा ठेवलाय मी. पलंगाखाली."

"आण मग."

मला कुणी आणायला सांगितलं नाही, माझ्याशी बोलणं बंद होतं. मिस्त्री स्वतः गेले आणि कापडातला तुकडा, हत्यारांची पेटी आणि गज घेऊन आले. भाऊजी त्या खळग्यावरून अंगठा फिरवत राहिले. मग त्यांनी खिशात हात घातला आणि पितळी टोपीचा पाच इंची तुकडा काढून पेटीवर ठेवला. चार वर्षं तो त्यांच्या खिशातच असावा, टोपी घासून पिवळीधमक झाली होती.

"तुला वाटलं असेल मी फेकला," ते म्हणाले.

"तू काय फेकणार? पाच इंचांसाठी गाव सोडलंस."

"आणि तू एकतीस इंच घेऊन बसलास."

यावर मला वाटलं, झालं. पण दोघं हसले. फार नाही, नाकातून.

तुकडा पुन्हा फळीवर बसवला. मधून लाकडी खुंट्या, बाहेरून दोन पट्ट्या, आरपार पेच. पेच भाऊजींनी आवळले, कारण त्याला उजवा हात लागतो. मोजायची वेळ आली तेव्हा मिस्त्रींनी गज आणि भाऊजींनी तुकडा, टोकाला टोक लावून धरला. मोडलेली कड नीट जुळत नव्हती, मधलं थोडं लाकूड त्या दिवशी झडून गेलं होतं.

"वीस," भाऊजी म्हणाले. "वजा काही नाही."

"वीसला सूतभर कमी," मिस्त्री म्हणाले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

मोटर बसवली. पंख्याच्या वर एक चपटी पट्टी असते, ती होडीच्या तळाच्या जेमतेम खाली उतरली, हवी तितकीच. दोरी ओढली. आवाज गोल आला, कुशीतून पाण्याची धार पडायला लागली आणि होडी धक्का सोडून निघाली, जशी काही कुणी हाक मारली म्हणून.

चाचणी करून ते परत आले तेव्हा उन्हं कलली होती. मिस्त्री शेडची किल्ली आणायला घरात गेले, आज कुलूप उघडायचंच होतं. भाऊजी पायरीपाशी आले, इकडेतिकडे पाहिलं. आणि चार तासांनी माझ्याशी पहिलं वाक्य बोलले, तेही दबक्या आवाजात.

"वहिनी, जोडलेली फळी उजव्या अंगाला सूतभर उंच राहिलीय. मोटर किंचित कलते. दादाला सांगू नका, त्याला वाईट वाटेल."

मी माळ खाली ठेवली.

"भाऊजी," मी म्हटलं, "माझं व्रत असं आहे की तुमचं बोलणं मी त्यांना सांगणार नाही. तुम्ही सांगायचं नाही असं काही माझं व्रत नाही. ते आले बघा. मी इथेच बसलेय."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, मग किल्ली हातात घेऊन येणाऱ्या भावाकडे.

"दादा! फळी उजवीकडे सूतभर उंच आहे!"

मिस्त्री जागीच थांबले.

"तुझी मोटर वाकडी आहे!"

"मोटर सरळ आहे! ओळंबा लावून बघ!"

"ओळंबा मला शिकवतोस? बस आधी होडीत!"

बसले. दोरी ओढली. होडी निघाली, जराशी उजवीकडे कलून. ती पार मध्यावर गेली तरी दोघांचे आवाज येतच होते, मोटरच्या वर चढवलेले, सूत, ओळंबा, वाकडं डोकं, बाबा असते तर. मी माळ उचलली. सुटलेला मणी कोणता होता ते आठवेना, म्हणून पहिल्यापासून सुरुवात केली. मग तेही थांबवलं. पलीकडच्या काठावर कुलूप निघेपर्यंत मी नुसतं त्यांचं भांडण ऐकत बसले.